थकबाकीची कुळकथा

मराठी माणूस किती प्रकारांनी थकू शकतो याची एकदा कोणी तरी मोजदाद करायला हवी. तो दमतो, शिणतो, भागतो, कावतो. त्याचा पिट्ट्या पडतो, त्याचा जीव मेटाकुटीला येतो, तो टेकीला येतो. इतके शब्द ज्या भाषेत आहेत, ती बोलणारी माणसं एक तर फार कष्टाळू असली पाहिजेत, नाही तर कष्टांबद्दल बोलण्यात फार पटाईत असली पाहिजेत. मी स्वतः बँकेत कारकून असल्यामुळे मला दुसरा पर्याय जास्त पटतो.

बँकेतला माणूस दमतो, हे बाहेरच्या लोकांना मान्य नसतं. आमच्या हिला तर मुळीच नाही. ‘दिवसभर गार हवेत खुर्चीवर बसायचं, त्यात दमायचं काय हो?’ असा तिचा रोखठोक सवाल असतो. मी तिला अनेकदा सांगून पाहिलं की, सर्व्हर बंद पडलेला असताना रांगेतल्या साठ माणसांकडे बघून हसत बसणं हे पोतं उचलण्यापेक्षा जड काम आहे. त्यावर ती ‘मग पोतंच उचला, गव्हाचं खाली येऊन पडलंय’ असं म्हणते आणि चर्चा तिथेच संपते.

संस्कृतवाल्यांची या बाबतीत चांगली सोय होती. त्यांच्याकडे ‘श्रम’ असा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ काम असाही होता आणि कामाने येणारा थकवा असाही होता. म्हणजे नुसता थकवा दाखवला की काम केल्याचं सिद्ध होत असे. याच धातूपासून विश्राम आला, विश्रांती आली, आश्रम आला आणि शेवटी आपल्या मराठी सार्वजनिक जीवनातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम, म्हणजे श्रमपरिहार, तोही आला. श्रमपरिहाराला आधी कोण येतं आणि खुर्च्या लावायला कोण येतं, या दोन याद्या ताडून बघितल्या तर त्यांत एकही नाव सारखं सापडत नाही, हा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा अनुभव आहे.

‘दम’ हा दुसरा नामांकित शब्द. श्वास या अर्थाने तो फारसीतून आला. श्वास वर गेला की दम लागतो, खाली बसलं की दम खातो, आणि दुसऱ्याचा श्वास वर न्यायचा असला की त्याला दम देतो. सावकारीचा सगळा धंदा या एका शब्दावर चालतो असं म्हणायला हरकत नाही : काही दिवस दम खायचा, मग दम द्यायचा.

परंतु मला ज्या शब्दाची हकीकत सांगायची आहे तो यांच्यापैकी नव्हे. तो शब्द ‘थकणे’. आता यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. मीही बँकेत चिकटेपर्यंत तसंच म्हणत असे. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात व्युत्पत्ती नव्हती. होती ती एकच उत्पत्ती, आणि ती नफ्याची. पण बँकेत आल्यावर माझ्या लक्षात आलं की, आपल्या भाषेत माणूस थकतो आणि कर्जही थकतं. भाडं थकतं, वीजबिल थकतं, पगार थकतो. दमणं, शिणणं, कावणं या बाकीच्या मंडळींना मात्र बँकेत प्रवेश नाही. ‘साहेब, तुमचा हप्ता दमलाय’ असं मी एखाद्या खातेदाराला सांगितलं, तर तो माझ्याकडेच काळजीने बघेल.

यात आणखी एक गंमत आहे. माणूस थकला काय आणि भागला काय, सारखंच. आपण एका दमात ‘थकलाभागला’ म्हणून मोकळे होतो. पण कर्जाचं तसं नाही. कर्ज थकलं तर नोटीस, आणि कर्ज भागलं तर पेढे! माणसाच्या बाबतीत जुळे भाऊ असलेले हे दोन शब्द बँकेच्या दारात शिरले की एक जमेच्या बाजूला जाऊन बसतो आणि दुसरा खर्चाच्या. आमचा सगळा पगार या दोन शब्दांमधल्या अंतरावर चालतो. आणि त्या पगारात भागत नाही ते वेगळंच.

मला वाटायचं, सगळ्याच भाषांत असं असेल. तसं नाही. इंग्रजीत थकबाकीला ‘एरिअर्स’ म्हणतात. तो शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला आणि त्याचा अर्थ ‘मागे’. म्हणजे साहेबाचं कर्ज थकत नाही, मागे पडतं. जग पुढे चाललंय आणि तू रेंगाळलास, असा त्यात एक मास्तरी सूर आहे. हिंदीवाले ‘बकाया’ म्हणतात, म्हणजे नुसतं राहिलेलं. हिंदीत ‘थकना’ आहे, पण ते माणसाचं आणि जनावराचं. पैशाला हिंदीत थकायची मुभा नाही. ती आपण मराठी लोकांनी दिली.

या शब्दाच्या मागे मी लागलो तो एका बंगाली साहेबांमुळे. ते कलकत्त्याहून बदलून आमच्या शाखेत आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मोठ्या प्रेमाने मला विचारलं, ‘आपनि कोथाय थाकेन?’ मी संध्याकाळच्या हिशेबाने उत्तर दिलं की, साधारण पाठीत आणि मानेत. साहेब गोंधळले. मग उलगडा झाला की ते विचारत होते, तुम्ही राहता कुठे? बंगालीत ‘थाका’ म्हणजे राहणं. थकलेल्या माणसाला त्यांच्याकडे क्लांत म्हणतात, आणि आपण ज्याला थकणं म्हणतो, ते बंगाली माणूस जन्मभर आनंदाने करत असतो.

आता हा नुसता आवाजाचा सारखेपणा असता तर मी सोडून दिला असता. पण हे दोन्ही शब्द एकाच घरातले निघाले. त्या घराचा पत्ता बाराव्या शतकातल्या गुजरातेत सापडतो. अणहिलवाड पाटणला सिद्धराज जयसिंहाच्या दरबारात हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होते. त्यांनी मोठं व्याकरण लिहिलं आणि त्याचा आठवा अध्याय प्राकृत भाषांना दिला. त्यात त्यांनी नोंदवून ठेवलं आहे की, संस्कृतात जिथे ‘स्था’ हा धातू वापरतात, म्हणजे उभं राहणं, थांबणं, तिथे प्राकृतात ‘ठा’ म्हणतात, ‘थक्क’ म्हणतात आणि आणखीही एकदोन रूपं वापरतात. म्हणजे थक्क म्हणजे थांबणं! दमणं नव्हे, घाम नव्हे, पाठदुखी नव्हे. चालता चालता थांबणं आणि उभं राहणं.

मग सगळं उजेडात येतं. जो थांबला तो तिथेच राहिला, हा झाला बंगाली अर्थ. जो थांबला तो दमला म्हणूनच थांबला असणार, हा झाला हिंदी, गुजराती, नेपाळी आणि मराठी अर्थ. आणि काही तरी अचाट बघून जो जागच्या जागी थांबला, तो झाला मराठीतला ‘थक्क’. तेव्हा घरी जाऊन मी थकतो आणि महिन्याचं वाण्याचं बिल बघून थक्क होतो, ही एकाच शब्दाची दोन कामं आहेत.

पुढे विसाव्या शतकात सर राल्फ टर्नर नावाच्या इंग्रज पंडिताने भारतातल्या आर्य भाषांचा एक अवाढव्य तौलनिक कोश केला. हे टर्नर पहिल्या महायुद्धात गुरखा पलटणीत अधिकारी होते. आधी नेपाळी कोश केला, तो १९३१ साली निघाला, आणि मग हा मोठा कोश, १९६२ ते १९६६ या काळात छापला गेला. चौदा हजारांवर मूळ शब्द. त्यात आपल्या थकण्याचं मूळ ‘स्थक्क्’ असं काहीसं दिलं आहे आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढली आहे. चांदणीचा अर्थ असा की, हा शब्द कुठल्याही जुन्या पोथीत प्रत्यक्ष सापडलेला नाही. पण पुढचा हिशेब जुळायचा असेल तर तो असलाच पाहिजे. हे वाचून मला भाषाशास्त्राबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. आमच्याकडेही असंच करतात. ज्या रकमेचा कागद मिळत नाही, पण जी असल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. टर्नरसाहेबांनी काढलेली चांदणी म्हणजे दुसरं काय?

थकबाकीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे ‘बाकी’. हे पाहुणे अरबी. राहिलेलं ते बाकी. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी-अरबी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द बसवण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या मोहिमेनंतर कितीतरी शब्द बदलले; बाकी मात्र राहिली. नावाप्रमाणेच राहिली. आणि मग आपल्या लोकांनी प्राकृतातलं थकणं आणि अरबी बाकी यांचं लग्न लावून दिलं. कागदपत्र, बाजारहाट ही अशीच मिश्रविवाहाची जोडपी. पण त्यांतल्या दोघांचा अर्थ एकच असतो, म्हणून भांडण नाही. थकबाकीत तसं नाही. बाकी नुसती रक्कम सांगते; ती का राहिली हे ‘थक’ सांगतं. कोणी तरी चालत होतं आणि थांबलं, म्हणून राहिली.

(थकण्याचा विषय निघालाच आहे तर कोशकारांचाही एक किस्सा सांगून टाकतो. मराठी-इंग्रजी कोश करणारे मोल्सवर्थसाहेब. पहिली आवृत्ती १८३१ ची. पुढे इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला आणि त्या कामात प्रकृती इतकी खालावली की १८३६ साली त्यांना विलायतेला परतावं लागलं. उरलेला कोश थॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ मध्ये बाहेर काढला. म्हणजे मूळ कर्जदार थकला आणि बाकी जामीनदाराने भागवली. माझ्या पाहण्यात खुशीने असं करणारा हा एकच जामीनदार.)

आता एवढ्यावर थांबलो असतो तर हा शब्दांचा खेळ झाला असता. पण थकबाकी हा काही कोशात जगलेला शब्द नव्हे. तो शेतात आणि कचेरीत जगला. माझी काही वर्षं इंदापूरच्या बाजूच्या एका शाखेत गेली. आज तिकडे उजनीच्या पाण्यावर ऊस उभा दिसतो, पण पाणी नव्हतं तेव्हाची या तालुक्याची गोष्ट ज्याला थकबाकी समजून घ्यायची आहे त्याने जरूर वाचावी.

पेशवाई गेली, कंपनीचं राज्य आलं आणि पुणे जिल्ह्याचा शेतसारा ठरवायचं काम प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याकडे आलं. प्रिंगलसाहेब शिकलेले होते. अर्थशास्त्रातला खंडाचा सिद्धांत, जो आम्हाला कॉलेजात रिकार्डोच्या नावाने पाठ करायला लागला, तो त्यांनी सरळ इंदापूरच्या माळावर लावला. खर्च वजा जाता शेतात जे निव्वळ उरेल त्याच्या शंभरातले पंचावन्न सरकारचे. कागदावर बिनचूक! फक्त निव्वळ किती उरतं याचे आकडे चुकीचे होते, मोजणीतल्या खालच्या नोकरांनी हात ओले करून घेतले होते, धान्याचे भाव पडले होते आणि पाऊस रिकार्डो वाचलेला नव्हता. १८३० साली हे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत बाकीवर बाकी चढली, जमिनी पडीक पडल्या, कुळं गाव सोडून शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली.

मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड नावाचे एक तरुण अधिकारी इंदापुरात आले. त्यांनी वहीकडे न बघता माणसांकडे बघितलं असावं. कारण त्यांचा निष्कर्ष सरळ होता : दरच झेपण्यासारखे नाहीत. १८३६ पासून त्यांनी आणि लेफ्टनंट विंगेट या इंजिनिअर गृहस्थांनी पुन्हा मोजणी केली, दर चांगलेच खाली आणले आणि तीस वर्षं ते वाढणार नाहीत असं सांगितलं. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या. आमच्याकडच्या कुठल्याही वसुली शिबिरात मी हे उदाहरण ऐकलेलं नाही. पण बैलगाडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. बैल थांबला तर आधी जू उतरवतात, मग पाणी दाखवतात. बैलाला नोटीस देत नाहीत.

याच कारणाने शेतकऱ्याला द्यायच्या सरकारी कर्जाचं जुनं नाव मला फार आवडतं. ‘तगाई’. हा अरबी शब्द. ‘तकावी’ हे त्याचं आधीचं रूप आणि त्याचा अर्थ बळ देणं. ज्याच्या पायांत त्राण नाही त्याला बी-बियाण्यापुरतं, बैलापुरतं बळ द्यायचं. पुढे १८८३ आणि १८८४ साली त्याचे रीतसर कायदे झाले. तगाई मिळाली की बळ येतं आणि ती फेडता आली नाही की ती थकते, इतकं स्वच्छ गणित आहे. त्या मानाने बाकीचे शब्द काय आहेत? ‘कर्ज’ या अरबी शब्दाच्या मुळाशी कातरणं आहे. ‘व्याज’ म्हणजे संस्कृतात बहाणा किंवा कपट; व्याजोक्तीतलं व्याज ते हेच. आणि ‘हप्ता’ म्हणजे फारसीत आठवडा. तो महिन्यातून एकदाच घेतो, हा आमचा उदारपणा.

तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ मध्ये इंदापूरचे दर पुन्हा वाढले. त्याआधी अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सावकारांनी मोकळ्या हाताने पैसे दिले होते आणि शेतकऱ्यांनी घेतले होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि सारा व सावकार एकाच वेळी दाराशी उभे राहिले. सावकारी भाषेत देणेकऱ्याला ‘कूळ’ म्हणतात. सात पिढ्यांची कर्जं अंगावर वागवणाऱ्याला याहून योग्य नाव कोणतं असणार? १२ मे १८७५ या दिवशी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, या कुळांनी सावकारांची घरंदुकानं गाठली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पण या दंगलखोरांना हवं काय होतं? खतं, रोखे, वह्या. कागद मिळाले की त्यांची होळी करायची. जिथे सावकाराने ते निमूट दिले तिथे सहसा पुढे काही झालं नाही. माणसांच्या अंगाला फारसा हात लागला नाही. कागदाला मात्र त्यांनी सोडलं नाही, कारण माणूस थकला हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यात फक्त बाकी होती.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, न्यायाधीशाने नुसता रोखा बघून हुकूमनामा द्यायचा नाही. मुळात किती घेतलं, किती दिलं, या खात्याचा सारा पूर्वेतिहास उकरायचा. दुसरी म्हणजे, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आपल्या धर्मशास्त्रात तर याहून जुना एक नियम होता आणि मुंबई इलाख्यातली इंग्रजी कोर्टंही तो मानत. त्याचं नाव दामदुपट. आज हे नाव ऐकलं की पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजना आठवतात आणि पाठोपाठ त्यांचे फरारी संचालक आठवतात. पण मूळ नियम नेमका उलटा होता : एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. म्हणजे माणूस थकतो तसं व्याजानेही कुठे तरी थांबलं पाहिजे. दामदुपट हा देणाऱ्याला दाखवलेला लोभ नव्हता, तो घेणाऱ्याला घातलेला लगाम होता.

आणि आता आमच्याकडे या. १९९१ साली नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर बँकांच्या हिशेबाला शिस्त लागली. ती लागायलाच हवी होती. न आलेलं व्याज आल्यासारखं दाखवून नफा फुगवायचा प्रकार बंद झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. ठेवीदाराचा पैसाही कोणाच्या तरी घामाचाच असतो. पण त्या शिस्तीबरोबर एक नवा शब्द आला : अनुत्पादक मालमत्ता. लाडाने एनपीए. ३१ मार्च २००४ पासून हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिलं की खातं एनपीए. पिकाच्या कर्जाला दिवसांऐवजी हंगाम मोजतात, एवढीच दया. २०१४ पासून तर नव्वदच्या आधीही पायऱ्या आल्या : तीस दिवसांपर्यंत एक, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. हे सगळं संगणक आपोआप करतो. रात्री बारा वाजता तो थकत नाही, आणि थकणं म्हणजे काय हे त्याला विचारायचीही सोय नाही. कारण या नव्या नावात माणूसच नाही. ‘थकबाकी’ म्हटलं की कोणी तरी थांबलेलं दिसतं. ‘अनुत्पादक मालमत्ता’ म्हटलं की एखादी गंजलेली पिठाची गिरणी दिसते.

इंदापूरकडे असताना एकदा शेतकी अधिकाऱ्यांबरोबर मी वसुलीला गेलो होतो. दोन म्हशींचं कर्ज होतं. कर्जदार सत्तरीचा, अंगणात बाजेवर बसलेला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला कोणी तोंडावर म्हातारा म्हणत नाही; ‘आता थकले’ म्हणतात. तसा तो थकलेला होता. अधिकारी आपले कामाचं विचारत होते. त्यांनी कागद बघत विचारलं, ‘काका, कधीपासून थकलंय?’

म्हातारा जरा विचार करून म्हणाला, ‘दोन दिवाळ्या झाल्या. म्हातारी गेली तवापासनं.’

मग त्याने सांगितलं की धार तीच काढायची, डेअरीचा हिशेबही तिच्याकडेच होता आणि तिच्या दवाखान्यात एक म्हैस गेली. तो खात्याबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, हे वेगळं काढता येत नव्हतं. ते मराठीतही वेगळं निघत नाही. आमच्या छापील अर्जात ‘थकबाकीचे कारण’ असा रकाना होता आणि त्यापुढे तीन चौकोन : हेतुपुरस्सर, नैसर्गिक आपत्ती, इतर. अधिकाऱ्यांनी ‘इतर’वर खूण केली आणि शेऱ्यात मात्र तो म्हणाला तसं वाक्य लिहिलं. मॅनेजर जुने होते. त्यांनी तो शेरा वाचला, हप्ता निम्मा केला आणि मुदत वाढवून मागणारा प्रस्ताव वर पाठवला. तीन वर्षांहून थोडा जास्त वेळ लागला, पण कर्ज भागलं. शेवटचा हप्ता भरून झाल्यावर तो काउंटरसमोरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. शिपायाने जाऊन विचारलं, ‘काका, काम झालं ना?’ ‘झालं,’ तो म्हणाला, ‘जरा टेकतो.’

बँकेच्या जुन्या मराठीत दोन शब्द वेगळे होते : थकीत आणि बुडीत. बुडीत म्हणजे तळाला गेलेलं. थकीत म्हणजे थांबलेलं. थकलेला पळालेला नसतो. पळाला असता तर थकबाकीदार कशाला म्हटलं असतं? मोठमोठी कर्जं घेऊन विमानाने गेलेल्यांना कोणी ‘थकले’ म्हणत नाही, त्यांच्या पायांत भरपूर बळ असतं. थकलेला तिथेच असतो, गावात, बाजेवर, जू मानेवर घेऊन. कोणी जू उतरवलं आणि पाणी दाखवलं तर तो पुन्हा चालायला लागतो. इंदापूरची जमीन हे एकदा चालून दाखवून गेली आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी पाटणला बसून हेमचंद्रांनी या शब्दाचा अर्थ थांबणं असा लिहून ठेवला. त्यांचं आमच्या बँकेत खातं नव्हतं, तरी नोंद अचूक आहे.

तेव्हा कधी तुमच्या फोनवर ‘आपला हप्ता थकीत आहे’ असा निरोप आला, तर एकदम घाबरू नका आणि आमच्यावर चिडूही नका. त्याचा अर्थ एवढाच की, आपण वाटेत कुठे तरी थांबला आहात. कुठे आणि कशाने, ते मात्र शाखेत येऊन सांगा. संगणकाला कळत नाही, पण काउंटरच्या पलीकडे अजून एखादा माणूस बसलेला असतो. येताना पासबुक आणा. फक्त दुपारी दोन ते अडीच या वेळात येऊ नका. त्या वेळी आम्ही थकलेले असतो, हेमचंद्रांच्या अर्थाने.